पुलावरून उतरता येत नाही, खुर्चीतून येतं

या वेळचं पत्र नाशिकच्या सिडकोतल्या एका वाचकाचं आहे. मूळ पत्र सहा पानांचं. ओळख पटेल असा मजकूर वगळून आणि बरीच काटछाट करून देते आहे.

“आदरणीय डॉक्टर मॅडम, माझं वय ४३. सिडकोत तिसऱ्या मजल्यावर राहतो. साडेतीन वर्षांपूर्वी आडगावचं लग्न उरकून परतताना उड्डाणपुलावर ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली आणि मला काहीतरी झालं. छाती धडधडायला लागली, हातापायांना मुंग्या, श्वास पुरेना. वाटलं, आटोपलं. ईसीजी, रक्त, सगळं नॉर्मल निघालं. पण त्यानंतर आधी पूल सुटला, मग बस, मग मेनरोडची गर्दी, शेवटी सातपूरची नोकरी. आता घरूनच चार दुकानांचं जीएसटीचं काम करतो. एकटा गेलो तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत, बायको बरोबर असेल तर थोडा पुढे. मानसोपचारतज्ज्ञांनी ‘अगोराफोबिया’ असं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. सहा महिन्यांनी मीच बंद केल्या.

आता उजवीकडची खालची दाढ चार महिने ठणकते आहे. रात्री जास्त. आणखी तीन दात किडलेत. मी नऊ वर्षांचा असताना तालुक्याच्या गावी चौघांनी हातपाय धरून माझा दात काढला होता. त्यानंतर दाताच्या डॉक्टरची पायरी चढलेलो नाही. लवंगेच्या तेलाचा वास आला तरी पोटात गोळा येतो. बायको म्हणते, सहा-सहा वर्षांची पोरं जाऊन येतात. खरंच आहे तिचं.

माझे प्रश्न असे : डॉक्टर घरी येऊन काम करतील का? पूर्ण बेशुद्ध करून सगळे किडके दात एकदाच काढून टाकले आणि कवळी बसवली तर? आणि आधी डोक्याचा इलाज करू की दाताचा?

ता. क. डाव्या बाजूने दहीभात खाऊन जगतोय. दोन वर्षं झाली, मिसळ खाल्लेली नाही.”

नमस्कार.

पुढचं वाचायच्या आधी आरशासमोर उभे राहा. उजवा गाल सुजलाय का? हनुवटीखाली, जबड्याच्या कडेला हात फिरवून बघा, कडक लागतंय का? ताप आहे का? तोंड दोन बोटं मावतील इतकंही उघडत नाही, गिळताना त्रास होतोय, आवाज बदललाय, सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकते आहे, यातलं काहीही असेल तर हे सदर बाजूला ठेवा. १०८ ला फोन करा किंवा बायकोला गाडी काढायला सांगा आणि सरळ हॉस्पिटल गाठा. दाढेचा पू जबड्याखालून गळ्यात उतरला तर श्वासाची वाट बंद होऊ शकते. अशा वेळी भीती वाटली तरी जायचं, थरथरत जायचं. पत्रावरून तुम्ही तिथवर पोहोचलेले दिसत नाही, पण छापून येईपर्यंत दिवस जातात, म्हणून आधी हे.

आणि हो, ठणका अचानक थांबला तर पेढे वाटू नका. रात्री आडवं झाल्यावर वाढणारा ठणका म्हणजे दाढेच्या आतली नस सुजलेली असते. ती मेली की दुखणं आपोआप बंद होतं. माणूस म्हणतो, बघा, लवंगेनं गुण आला. मग दोन-चार आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, मुळाशी पू धरतो. माझ्या तीसेक वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये सगळ्यांत वाईट सुजलेले चेहरे ‘मधे थांबलं होतं हो’ म्हणणाऱ्यांचेच होते.

आता तुमच्याकडे वळते. पत्रात तुम्ही दोन आजार लिहिलेत, एक डोक्याचा, एक दाताच्या भीतीचा. मी पत्र दोनदा वाचलं आणि मला त्यात एकच दिसला. पुलावर नेमकं काय झालं ते तुम्ही मूळ पत्रात फार नेमकं लिहिलंय : “मधेच उतरता येणार नाही हे लक्षात आलं आणि सुरू झालं.” आणि नऊ वर्षांच्या मुलाचं काय झालं? चौघांनी धरलं, उठता येईना. दोन्हीकडे दरवाजा बंद. अगोराफोबिया म्हणजे मोकळ्या मैदानाची भीती असं पुस्तकी भाषांतर करतात, ते तोकडं आहे. भीती जागेची नसते. इथे मला झटका आला तर निसटता येणार नाही, मदत मिळणार नाही, ही ती भीती. म्हणून पूल, बस, लिफ्ट, रांग, सलूनची खुर्ची आणि डेंटल चेअर एकाच माळेत येतात. (हजामत घरीच करता, असंही तुम्ही लिहिलं होतं. मी कापलं, पण नोंद घेतली.) बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल या डॉक्टरांनी १८७१ मध्ये या आजाराला हे नाव दिलं. त्यांनी ज्यांची हकिगत लिहिली ते तिघेही पुरुषच होते. हे मुद्दाम सांगते, कारण ‘बाप्या माणसाला शोभत नाही’ हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलंय.

तर पुलावरून मधेच उतरता येत नाही, तिथे तुमचं बरोबर होतं. खुर्चीतून उतरता येतं. फक्त तशी व्यवस्था आधी लावून घ्यावी लागते, आणि ती लावून देणारा डॉक्टर शोधावा लागतो. माझा सगळा सल्ला या एका गोष्टीभोवती आहे.

आधी तुमचा दुसरा प्रश्न निकालात काढते. सगळे दात काढून कवळी : नाही. हा विचार तुम्हाला एकट्यालाच आलाय असं समजू नका. दातांना घाबरणाऱ्या निम्म्या लोकांनी मला कधी ना कधी हेच विचारलंय. पण हिशेब करून बघा, तुम्ही हिशेबाचेच आहात. एका दाढेसाठी तीन-चार बैठका टाळायच्या म्हणून तुम्ही ऑपरेशन, मग जखमा भरण्याची वाट, मग कवळीच्या मापाच्या बैठका, मग कवळी टोचते म्हणून घासून घ्यायच्या बैठका पत्करणार. मापासाठी तोंडात साचाभर मऊ लगदा भरून काही मिनिटं थांबावं लागतं, तेही भीती असलेल्या माणसाला जड जातं. शिवाय दात गेले की जबड्याचं हाड झिजत राहतं, म्हणजे कवळी काही वर्षांनी पुन्हा सैल. ४३ व्या वर्षी हा सौदा करू नका. तुमच्या चारपैकी एका दाढेला मोठं काम आहे. उरलेले तीन साध्या कामात वाचतील असं तुमच्या वर्णनावरून वाटतं, पण ते तपासूनच कळेल.

डॉक्टर घरी येतील का? काही येतात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी बरेच डॉक्टर छोटं पोर्टेबल मशीन घेऊन जातात. घरी तपासणी होते, दात साफ होतात, तात्पुरतं सिमेंट भरता येतं, हलणारा दात काढता येतो. खालच्या दाढेचं रूट कॅनाल मात्र घरी करायला मी तरी तयार होणार नाही. पाणी खेचणारं सक्शन, एक्स-रे, उजेड, आणि वेळ आली तर ऑक्सिजन, हे सगळं हाताशी लागतं. पण डॉक्टर पहिल्यांदा घरी येऊन, तुमच्या हॉलमधल्या खुर्चीत बसवून, नुसता आरसा घालून दात बघून गेले, तर अर्धी लढाई तिथेच होते. दवाखान्यात पाय ठेवाल तेव्हा निदान एक चेहरा ओळखीचा असेल. जवळच्या दोन-तीन डॉक्टरांना विचारून बघा. जो येईल त्याची व्हिजिट फी मुकाट द्या.

पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिर संस्थेचं डेंटल कॉलेज आहे, तिथे सगळे विभाग एका छताखाली आणि खर्च कमी. तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर मी तिकडेच पाठवलं असतं. पण सिडकोहून पंचवटी म्हणजे मुंबई नाका, द्वारका, खाली सिग्नल आणि डोक्यावर तोच पूल. वर ओपीडीची रांग, आणि शिकणारी मुलं बदलत राहणार. पहिल्या फेरीला नको. तुम्हाला हवा आहे घरापासून गाडीने पाच-दहा मिनिटांवरचा, तळमजल्यावरचा, एकाच डॉक्टरचा साधा दवाखाना. लिफ्टचा नको, काचेच्या बंद दाराचाही नको. खुर्चीत बसल्यावर बाहेरचं दार दिसत असेल तर उत्तम. हे सगळं बायकोला आधी जाऊन बघून यायला सांगा, मोबाइलवर व्हिडिओ काढून आणायला सांगा. डॉक्टर कोणता, हे कसं ओळखायचं? पुढचा मेसेज पाठवा आणि उत्तराची वाट बघा :

“मला अगोराफोबिया आहे आणि दाताच्या उपचाराची लहानपणापासून खूप भीती आहे. खालची उजवी दाढ चार महिने दुखते आहे, फोटो पाठवतो. पहिल्या भेटीत फक्त बोलायचं आणि बघायचं, काही करायचं नाही, असं चालेल का? मला थांबायला न लावता आत घ्याल का? मी हात वर केला की काम थांबवाल का? या वेळेची वेगळी फी असेल तर देईन.”

ज्याचं उत्तर ‘अहो काही होत नाही, या तुम्ही, दोन मिनिटांचं काम’ असं येईल, तो माणूस वाईट नसेल, पण तुमचा नव्हे. ज्याने उलट दोन प्रश्न विचारले (कोणत्या गोळ्या चालू आहेत, बीपी-शुगर आहे का, सगळ्यांत जास्त कशाची भीती वाटते), त्याच्याकडे जा.

त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. भीती मोजायला आम्ही पाच साधे प्रश्न वापरतो : उद्या दाताच्या डॉक्टरकडे जायचंय, आज कसं वाटतं, बाहेर थांबून राहताना, ड्रिल चालताना, दात साफ करताना, आणि हिरडीत इंजेक्शन घेताना. प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे. बेरीज १९ किंवा त्याच्या वर गेली तर भीती फारच तीव्र. तुमची जाईलच, त्यात नवल नाही. पण पाचांपैकी कुठे ५ आणि कुठे ३, हे डॉक्टरला कळलं तर तो त्याप्रमाणे काम आखतो.

आता प्रत्यक्ष जाणं. वेळ अशी मागा की दवाखाना उघडायच्या अर्धा तास आधी, सकाळी किंवा दुपारची बंद वेळ संपताना, पाचच्या जरा आधी. वेटिंगमध्ये बसायचंच नाही. गाडीत किंवा स्कूटरवर बाहेर थांबा, आतून मिस्ड कॉल आला की जा. पहिल्या दिवशी नुसतं दारापर्यंत जाऊन परत आलात तरी चालेल. मी हे गमतीने म्हणत नाही. माझ्याकडे एक बाई यायच्या, त्यांच्या पहिल्या तीन भेटी दवाखान्याबाहेरच्या निंबाखाली झाल्या. चौथ्या दिवशी त्या आत येऊन सरळ बसलेल्या खुर्चीत चहा प्यायल्या. पाचव्या दिवशी मी आरसा लावला. पुढे त्यांची अक्कलदाढसुद्धा मीच काढली.

खुर्ची. ती पूर्ण आडवी करायलाच हवी असं नाही, ३०-४० अंशांवरही काम होतं, डॉक्टरची मान दुखते एवढंच. हात वर केला की थांबायचं, हा करार पहिल्याच दिवशी करा, आणि मुख्य म्हणजे तो तपासून बघा. डॉक्टरने नुसता आरसा तोंडात घातलेला असताना, काहीही होत नसताना, विनाकारण हात वर करा. लगेच थांबले? पुन्हा करा. तिसऱ्यांदाही थांबले, की तुमच्या अंगाला पटेल. नुसत्या आश्वासनाने ते पटणार नाही, कारण त्या नऊ वर्षांच्या मुलालाही कोणीतरी ‘काही करत नाही रे’ म्हणालंच असेल.

त्या मुलाबद्दल एक कबुली द्यायची आहे. तुम्हाला धरणारे राक्षस नव्हते. आमच्या पिढीला शिकवलंच तसं होतं. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात ठेवून त्याला गप्प करायची एक रीत तर पाठ्यपुस्तकात होती. अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या संघटनेने ती आपल्या मार्गदर्शक सूचनांमधून काढली तेव्हा २००६ साल उजाडलं होतं. मी स्वतः मुलांना धरायला लावलंय. काम पटकन झालं म्हणून आईबापांनी आभार मानले. त्यातली किती मुलं आज चाळिशीत लवंगेच्या वासाला घाबरत असतील, हा विचार तुमचं पत्र वाचताना डोक्यातून गेला नाही. त्या वासाचंही सांगून टाकते. दाताच्या दवाखान्याचा म्हणून जो वास तुम्हाला आठवतो तो लवंगेतल्या युजेनॉलचाच. तात्पुरत्या सिमेंटमध्ये तेच असतं. म्हणजे तुमच्या नाकाची चूक नाही, त्याची स्मरणशक्ती चांगली आहे. युजेनॉल नसलेलं सिमेंटही मिळतं, डॉक्टरला तसं सांगा. आणि घरी काळा मसाला भाजताना हल्ली तुम्ही गॅलरीत जाता ना? तिथून सराव सुरू करता येईल. कुटायच्या आधी एक लवंग हातात घेऊन वास घ्या, रोज, दुखत नसताना, आपल्या स्वयंपाकघरात.

आता इंजेक्शन. तुमच्यासारख्या माणसाला जे आधी सांगायलाच हवं आणि जे फार कमी डॉक्टर सांगतात, ते इथे आहे. दाताच्या भुलीत लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाबरोबर थोडं ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं, आपल्याकडे बहुतेक वेळा १:८०,००० किंवा १:२,००,००० या प्रमाणात. भूल जास्त वेळ टिकावी आणि रक्त कमी यावं म्हणून. ते थोडं रक्तात गेलं की छाती धडधडते, हात कापतात. चार-पाच मिनिटांत ओसरतं. दुसऱ्या माणसाला वाटतं, असेल काहीतरी. तुम्हाला वाटणार, आला, पुलावरचा झटका आला. आणि मग खरोखरच येणार. तेव्हा आधीच ठरवा : इंजेक्शननंतर धडधडलं तर ते औषध आहे, घड्याळ बघायचं. डॉक्टरला सांगा की भूल अगदी हळू द्या, आधी जेल लावून दोन मिनिटं थांबा. ॲड्रेनलिन नसलेली भूलही असते. ती लवकर उतरते, त्यामुळे लांबलचक कामाला पुरत नाही, पण विचारायला हरकत नाही.

दुसरं, खालच्या दाढेच्या भुलीने अर्धा ओठ आणि जीभ दोन-तीन तास, कधी जास्तही, बधिर राहते. जीभ जाडी वाटते, गिळलेलं कळत नाही, घसा बंद झाल्यासारखं वाटतं. गिळता मात्र येत असतं. पाण्याचा एक घोट घेऊन खात्री करून घ्या. आणि घाबरून भराभर श्वास घेतला तर ओठांभोवती मुंग्या येतात, त्या भुलीत मिसळून आणखी गोंधळ उडतो. म्हणून ‘खोल श्वास घ्या’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. श्वास साधाच घ्या, सोडताना मात्र लांबवा, कढत चहावर फुंकर घालतो तसा.

तिसरं थोडं कडू आहे. चार महिने सुजलेल्या खालच्या दाढेवर भूल पहिल्या फटक्यात पुरती चढत नाही, असं बऱ्याचदा होतं. तसं झालं तर हात वर. सहन करून दाखवायचं नाही. आणखी भूल देता येते, वेगळ्या जागी देता येते. दाढ उघडून आतली सुजलेली नस काढली की बहुतेक वेळा त्याच रात्री झोप लागते. बाकीचं रूट कॅनाल दोन-तीन बैठकांत वाटून घ्या, एकाच दिवसात उरकायचा हट्ट धरू नका. एक्स-रेची छोटी पट्टी तोंडात धरली की उमासे येत असतील तर ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा बाहेरून निघणारा एक्स-रे, काढा. त्यात उभं राहायचं, हनुवटी टेकायची, मशीन डोक्याभोवती पंधराएक सेकंदांत फिरून जातं, आणि तोंडात चावायला बारीक कांडी सोडली तर काही नसतं.

बाकीच्या तीन दातांसाठी ड्रिलशिवायचे मार्गही विचारा. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली नसेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं द्रव ब्रशने लावून ती थांबवता येते. इंजेक्शन नाही, घरघर नाही. दात तिथे काळा पडतो, हे आधी सांगते. मागच्या दाढेला कोण बघतंय? किंवा हाताच्या हत्याराने कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरता येतं. जिथे वीज पोहोचत नव्हती अशा गावांसाठी ही पद्धत टांझानियात १९८० च्या दशकात आकाराला आली. मोठ्या आवाजाला घाबरणाऱ्यांना ती आपोआप उपयोगी पडली.

एवढं करूनही जमलं नाही, तर गुंगीचे प्रकार आहेत. नाकावर मास्क लावून नायट्रस ऑक्साइड देतात. माणूस जागा असतो, बोलतो, पण धार बोथट होते, आणि मास्क काढून ऑक्सिजन दिला की काही मिनिटांत उतरते. पण मास्कनेच गुदमरल्यासारखं होणारे लोक असतात, तुम्ही कदाचित त्यातले, तेव्हा आधी मास्क नुसता हातात घेऊन, नाकाला लावून बघा. तोंडाने घ्यायची गुंगीची गोळी डॉक्टरने लिहून दिली तरच, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, आणि बरोबर माणूस हवाच. शेजाऱ्याच्या डब्यातली झोपेची गोळी घेऊन जाऊ नका. पूर्ण भूल ही शेवटची पायरी. ती हॉस्पिटलमध्ये, भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, एका बैठकीत बरंच काम उरकायचं असेल तेव्हा देतात. तीही दात वाचवण्यासाठी वापरता येते, फक्त काढण्यासाठी असते असं नाही.

आधी डोकं की आधी दात? दात. अगोराफोबियाचा इलाज महिन्यांनी मोजतात, दाढ तेवढी थांबणार नाही. पण दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करा. गोळ्या तुम्ही स्वतःच बंद केल्यात त्याबद्दल तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी रागवावं, मी रागवत नाही. त्यांना फोन करा. तिथे जाणं होत नसेल तर व्हिडिओवर भेट मागा, मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने टेलिमेडिसिनचे नियम काढल्यापासून ते रीतसर चालतं. मधल्या काळात बोलायला कोणी हवं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.

तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना एक गोष्ट नक्की विचारा. मी तुम्हाला इथे वाटेल तेव्हा हात वर करा, उठा, म्हणते आहे. ते म्हणतील, भीती शिगेला असताना पळून गेलं की भीतीच जिंकते, थोडं थांबा, लाट ओसरू द्या. दोघांचं जमवायचं असं : हात वर केला की काम थांबणार, खुर्ची सरळ होणार, चूळ भरायची, पण लगेच बाहेर पळायचं नाही. तिथेच बसायचं. झटका दहाएक मिनिटांत शिगेला जातो आणि मग उतरायला लागतो, घड्याळ समोर ठेवून अनुभव घ्या. उतरल्यावर ठरवा, पुढे काम करायचं की आज घरी. त्या ठरवण्यात डॉक्टरने बोलायचं नाही.

गोळ्या परत सुरू झाल्या तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं कळू द्या. धडधड थांबावी म्हणून प्रोप्रॅनोलॉल दिलेलं असेल तर ते दाताच्या डॉक्टरला माहीत असलंच पाहिजे, ॲड्रेनलिनच्या भुलीबरोबर बीपी चढू शकतं. नैराश्य-चिंतेच्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि कोरड्या तोंडात कीड वेगाने पसरते. तुमचे तीन दात कदाचित त्याच सहा महिन्यांत सुरू झाले असतील. उपाय साधा आहे : घोट-घोट पाणी, रात्री फ्लोराइडची पेस्ट लावून ब्रश आणि नंतर चूळ न भरता नुसतं थुंकणं. दिवसभर साखरेचा चहा चालू असतो तो दोन कपांवर आणा. पेनकिलर मूळ पत्रात लिहिल्यात तेवढ्या रोज घेत असाल तर पोट आणि किडनी दोन्ही पणाला लागतात, आणि मानसोपचाराच्या काही गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते. दाढेवर थेट गोळी ठेवून चघळू नका, हिरडी भाजते. ॲन्टिबायोटिकचा कोर्स मेडिकलवाल्याकडून आणून दाढ बरी होत नाही, आतली मेलेली नस तिथेच राहते.

बायकोबद्दल. त्यांना हे पान वाचायला द्या. वहिनी, सहा वर्षांची पोरं जाऊन येतात हे खरं आहे. ती जातात कारण त्यांना अजून कोणी धरलेलं नाही. तुम्हाला एकच काम आहे. ते म्हणतील ‘परत फिरू या’, तेव्हा ‘आता एवढं आलोय तर’ म्हणायचं नाही. गाडी बाजूला घ्यायची, बंद करायची, पाच मिनिटं बसायचं आणि मग पुन्हा विचारायचं.

मिसळीचं राहिलं. पहिल्या बैठकीनंतर दाढेवर तात्पुरतं सिमेंट असेल. कॅप बसेपर्यंत त्या बाजूने पापड आणि कडक फरसाण नको, दाढ चिरू शकते. जीभ बधिर असताना गरम रस्साही नको, चटका बसलेला कळणार नाही. भूल पूर्ण उतरली की डाव्या बाजूने, पाव रश्श्यात मऊ करून खाऊन बघा. पार्सल आणलीत तरी चालेल.